तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होणारा कॉम्प्युटर

दिवाळीची साफसफाई आटोपते, टेबलाखालचं कॅबिनेट पुसून जागेवर जातं, वायरी पुन्हा लावल्या जातात. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. घर आवरताना कॅबिनेट आडवं-उभं झालेलं असतं, त्यात आधीच सैल असलेली एखादी रॅम किंवा वायर हललेली असते. अशा बंद पडलेल्या यंत्राचं निदान बहुतेक वेळा लवकर होतं.

अवघड असतात ती अर्धवट चालणारी यंत्रं. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा थरथरून थांबतो. दुसऱ्यांदा चालू होतं, पण पडदा काळाच. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत, आणि मग दिवसभर तक्रार नाही. घरातली माणसं याची सवय करून घेतात. ‘रात्री बंदच करायचा नाही’ असा तोडगा निघतो आणि दुखणं वाढत राहतं. मला मात्र अशी यंत्रं फार मोलाची वाटतात. पूर्ण मेलेला कॉम्प्युटर एवढंच सांगतो की तो मेला आहे. धडपडत सुरू होणारा कॉम्प्युटर आपण केव्हा अडतो, कुठे अडतो आणि कशाने सुटतो, हे सगळं दाखवत असतो. तो थंड असताना अडतो की तापल्यावर? बंद करून चालू करताना, की झोपेतून उठताना? रीस्टार्ट केल्यावरही अडतो का? या प्रश्नांची उत्तरं हातात असतील तर अर्धं काम झालेलं असतं.

त्यासाठी बटण दाबल्यानंतरच्या काही क्षणांत काय घडतं ते माहीत हवं. दिव्याच्या बटणाने वीज जोडली किंवा तोडली जाते. कॉम्प्युटरच्या बटणाने तसं होत नाही. भिंतीवरचा स्विच चालू असेल तर बंद दिसणाऱ्या कॉम्प्युटरमध्येही एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा, पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा मदरबोर्डला देतच असतो. समोरचं बटण मदरबोर्डला फक्त इशारा करतं. मदरबोर्ड एसएमपीएसला जागं करतो, मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन सुरू होतात. त्या स्थिर झाल्या की एसएमपीएस एका वेगळ्या वायरीवरून ‘पॉवर गुड’ हा संकेत पाठवतो. याला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात, आणि तो येईपर्यंत प्रोसेसरला कामच सुरू करू दिलं जात नाही. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेतली ही व्यवस्था आजही बहुतेक डेस्कटॉपमध्ये आहे.

पंखा थरथरून थांबतो तेव्हा गाडी बहुधा इथेच अडलेली असते. लाइन वेळेत स्थिर होत नाहीत आणि सगळं पुन्हा बंद होतं. यामागे अनेकदा म्हातारे झालेले कपॅसिटर असतात. एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डवर दिसणाऱ्या छोट्या उभ्या डब्यांपैकी इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटतो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना तो आणखी जास्त असतो. दोन-तीनदा वीज खेळली की कपॅसिटर किंचित तापतो, रोध उतरतो आणि यंत्र सुरू होतं. थंडीत जुन्या स्कूटरला चार किका माराव्या लागतात, तसाच हा प्रकार. म्हणून ‘सकाळी त्रास, दुपारी ठीक’ हे लक्षण ऐकलं की माझा पहिला संशय विजेच्या बाजूवर जातो. अभियंते एक ढोबळ नियम मानतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या आणि धुळीने जाळी बुजलेल्या कॅबिनेटमध्ये काय होत असेल, याचा हिशेब यावरून करता येतो. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरात सदोष कपॅसिटरची साथच आली होती. माथा फुगलेले, तपकिरी द्रव गळलेले कपॅसिटर त्या काळातल्या असंख्य मदरबोर्डांवर सापडत. आजही कॅबिनेट उघडल्यावर आधी त्यांचे माथे सपाट आहेत का ते पाहावं.

एक इशारा इथेच देतो. मदरबोर्ड डोळ्यांनी तपासा, पण एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश होऊन ३२५ व्होल्टांच्या आसपास जातो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. एसएमपीएस बिघडला की बदलायचा. त्याची खात्रीची परीक्षाही तीच आहे: दुसरा, चांगला म्हणून माहीत असलेला एसएमपीएस लावून पाहणं. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी. पण सुरू होण्याच्या क्षणी येणारा निमिषभराचा खड्डा मल्टिमीटर पकडू शकत नाही. आकडा बरोबर दिसला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही.

अर्थात त्याच्याही आधी बाहेरचं तपासायचं. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा. घरगुती यूपीएसमधली शिसे-आम्लाची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि सुरुवातीचा भार आला की असा यूपीएस मान टाकतो. मग समोरचं बटण. ते आत अडकून दाबलेलंच राहिलं, तर यंत्र सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडतं, आणि लोक मदरबोर्ड गेला असं समजतात.

पंखे नीट फिरताहेत पण डिस्प्ले नाही, ही पुढची पायरी. प्रोसेसर जागा झाला की मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, बायोस किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय, आपली हजेरी घ्यायला लागतं: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क. अनेक नव्या मदरबोर्डांवर यासाठी चार छोटे दिवे असतात आणि गाडी जिथे अडते तो दिवा लागून राहतो. जुन्या बोर्डांना छोटा स्पीकर जोडला तर तो बीप देऊन तेच सांगतो. बीपांचा अर्थ मात्र बोर्डागणिक बदलतो, तो त्याच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की चुकून मदरबोर्डाला, हेही पाहून घ्या. साफसफाईनंतर ही अदलाबदल हमखास होते.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो रॅमचा सैल किंवा मळका संपर्क. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत धूळ ओलसर होऊन स्लॉटमध्ये बसते. प्लग काढा, मग बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जिरू द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्थिरभार उतरवा आणि मगच रॅम काढा. आपल्याकडे तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासायची पद्धत आहे. ती चालते, पण तो सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं मला जास्त पसंत आहे. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. नव्या डीडीआर ५ रॅमच्या बाबतीत मात्र धीर धरायला हवा. रॅम बसवल्यानंतर किंवा सेटिंग पुसली गेल्यानंतर बोर्ड तिच्याशी वेळ जुळवून घेतो, आणि पहिल्या खेपेला त्यात काही मिनिटंही जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. घाबरून मध्येच बंद करणाऱ्याला ते काम पुन्हा पहिल्यापासून करायला लागतं.

यानंतरच्या छोट्या वस्तूबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तिच्यामुळे विनाकारण फॉरमॅट मारलेली यंत्रं फार असतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर २०३२. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा. भिंतीवरची वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. अनेक बोर्डांवर बायोसच्या सेटिंगही तोच जपतो. सेल उतरला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि इंटरनेटवरच्या सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्राची चूक दाखवायला लागतात. गंभीर भाग पुढे आहे. सेटिंग मूळपदावर गेली की डिस्क वाचण्याची पद्धत किंवा सुरू होण्याचा प्रकार बदलू शकतो. मग निरोगी विंडोज निळा पडदा दाखवतं, किंवा बूट होण्याजोगी डिस्कच सापडत नाही असा संदेश येतो. दुकानात याचा अर्थ ‘विंडोज करप्ट’ असा लावला जातो आणि शंभर रुपयांच्या आतल्या सेलसाठी अख्खी डिस्क पुसली जाते. रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या घरांत सेलवर जास्त ताण येतो आणि तो लवकर संपतो. तारीख चुकलेली दिसली की आधी सेल बदला, मग बायोसमध्ये जाऊन डिस्कची सेटिंग पाहा. मात्र बायोसला हात लावण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर ही डिस्कची कुलूपबंदी चालू आहे का, याची खात्री करा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसली तर आपल्याच डिस्कवरच्या आपल्याच फाइलींना आपण मुकू शकतो.

झोपेतून न उठणाऱ्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी असते. नेहमीच्या स्लीपमध्ये बाकी सगळं बंद होतं आणि त्या पाच व्होल्टच्या बारीक पुरवठ्यावर रॅम तेवढी जागी राहते. उठताना मुख्य लाइन एकदम भरून याव्या लागतात. त्यामुळे दुबळा एसएमपीएस इथेही उघडा पडतो. पण आधी एक साधी परीक्षा करा. पडदा काळा असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जागा आहे, फक्त डिस्प्ले उठलेला नाही. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं. ते वारंवार करायला लागत असेल तर ड्रायव्हर आणि मॉनिटरची केबल यांच्याकडे वळा. दिव्यात काहीच बदल झाला नाही, तर कीबोर्डला यंत्र जागं करायची परवानगी आहे का ते पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड आणि माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये तशी खूण करायची जागा असते. रात्री आपोआप जाग्या होणाऱ्या यंत्रात नेटवर्क कार्डाची तीच खूण काढली की बहुतेकदा शांतता होते.

विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप हा आणखी एक घटक. ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच पुन्हा उचलतं. एखाद्या ड्रायव्हरला हे मानवत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: रीस्टार्ट प्रत्येक वेळी सुरळीत, पण शटडाऊननंतरची सकाळ मात्र अडखळती. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर नव्याने सुरू होतं, म्हणून हा फरक दिसतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा आणि चार दिवस पाहा. खर्च काहीच नाही.

विंडोजचा लोगो येतो आणि तिथेच चक्र फिरत राहतं, तेव्हा विजेचा आणि रॅमचा भाग बहुधा पार पडलेला असतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं याच टप्प्यावर कोसळून अडकली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या यंत्रांचे सुटे भाग धडधाकट होते. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की ती सुरू होत होती, फॉरमॅटची गरज नव्हती. घरीही तसंच करावं. विंडोज लागोपाठ सुरू होण्यात अपयशी ठरलं की ते स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर, ताजं अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोअर आणि सेफ मोड हे पर्याय असतात. या क्रमाने एकेक करून पाहा. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइली उघडायला खूप वेळ लागत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवा. उबुंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

गावोगावच्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या खोल्यांत अजून असे जुने डेस्कटॉप राबतात. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याची डोंगल त्याच यंत्राला बांधलेली असते, म्हणून नवा घ्या हा सल्ला तिथे निरुपयोगी ठरतो. अशांनी कॅबिनेटवर एक कागद चिकटवावा: कोणत्या तारखेला, पहिल्या की कितव्या प्रयत्नाला सुरू झालं, थंड होतं की चालून तापलेलं, बीप किती, कोणता दिवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीही त्याच कागदावर लिहावी. टेक्निशियन आला की आधी तो कागद त्याच्या हातात द्यावा, आणि डिस्क तपासून, फाइली उतरवून झाल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही, हे त्याला सुरुवातीलाच सांगावं.