शब्द नव्हता म्हणून निळा दिसत नव्हता?

गैरसमज : प्राचीन माणसाला निळा रंग दिसतच नव्हता, कारण त्याच्या भाषेत निळ्याला शब्द नव्हता.

हे सांगणारी चित्रफीत जुळे सोलापुरात इतक्या जणांनी मला दाखवली आहे की एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. दाखवणाऱ्यांत शिक्षकही असतात, त्याचं जास्त वाईट वाटतं.

ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली, होमरच्या काव्यात निळा जवळजवळ नाहीच म्हणून ग्रीकांची रंगदृष्टी अपुरी होती, असा तर्क लढवला. पण होमरच्या हजाराहून अधिक वर्षं आधीपासून इजिप्तचे कारागीर वाळू, चुनखडी आणि तांब्याचं खनिज भट्टीत भाजून निळा रंग तयार करत होते. पेरू देशातल्या हुआका प्रिएता इथे निळीने रंगवलेलं सुती कापड सापडलं, ते सुमारे ६००० वर्षांपूर्वीचं. 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये २०१६ साली ते संशोधन छापून आलं. न दिसणाऱ्या रंगासाठी एवढा खटाटोप कोण करेल?

पेरू राहू द्या, आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात चला. तिथल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत 'पच्च' हा शब्द हिरव्यालाही चालतो आणि पिवळ्यालाही. नेमकं सांगायचं तर पानाचा तो 'आकुपच्च', हळदीचा तो 'पसुपुपच्च'. म्हणून काय चादरीच्या मागावर हिरव्या सुताच्या जागी पिवळं लागतं? मराठीतही तपकिरी हे नाव नाकात ओढायच्या तपकिरीवरून आलं, आणि तंबाखू भारतात आणली पोर्तुगीजांनी. त्याआधी आपल्या पूर्वजांना झाडाच्या खोडाचा रंग दिसत नव्हता, असं म्हणायचं का?

'वेदांतही निळा नाही' हे त्याच चित्रफितीतलं दुसरं वाक्य. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं विवाहसूक्त उघडा, तिथे 'नीललोहित' आहे. मात्र जुन्या 'नील'चा पसारा आजच्या निळ्याहून मोठा होता. अमरकोशात तो कृष्ण, असित, श्याम यांच्या पंक्तीत, म्हणजे चक्क काळ्याच्या पर्यायांत बसतो. काळा, गडद निळा, गर्द हिरवा हे सगळे त्यात मावत. पुढे मराठीत तो आकसून आजचा निळा झाला. बदलली ती शब्दांची वाटणी. डोळा होता तसाच आहे.

शब्दांचा काहीच परिणाम होत नाही, असंही नाही. रशियन भाषेत फिक्या आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र नावं आहेत. या दोन नावांत विभागल्या जाणाऱ्या छटांमधला फरक रशियन भाषकांना किंचित लवकर ओळखता येतो, असं २००७ सालच्या एका प्रयोगात दिसलं. किंचित लवकर, बस्स! यावरून कुणी आंधळं ठरत नाही.

आता रंगांबद्दलचे बाकीचे गैरसमज.

'जांभळाला रंगावरून नाव पडलं.' उलट आहे, फळ आधी.

'किरमिजी हा इंग्रजी क्रिमसनचा अपभ्रंश.' नाही. दोन्ही शब्द अरबी-फारसी 'किर्मिज'चे, म्हणजे लाल रंग देणाऱ्या किड्याचे.

'नीळ इंग्रजांनी भारतात आणली.' मुळीच नाही. 'इंडिगो' या नावाचा मूळ अर्थच 'भारतातली' असा आहे. इंग्रजांनी नफ्यासाठी बंगाल-बिहारच्या शेतकऱ्यांवर तिची लागवड लादली. १८९७ साली जर्मनीची कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत तो धंदा बसला.