चाड्यावरची मूठ आणि तोललेले बी

परभणीच्या काळ्या रानात पेरणी होई ती गावच्या सुताराने घडवलेल्या लाकडी तिफणीने. आडव्या दिंडात तीन फण, फणांमागे नळ्या, वर चाडे. जू दांडीवर पुढेमागे बांधून पेरणीची खोली जमवायची. आराखडा कागदावर कधी उतरलाच नाही. चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांच्या चालीशी हात जुळवून बी सोडी. मूठ सैलावली की पेर दाट, आवळली की विरळ. हे प्रमाण बोटांत मुरायला कित्येक हंगाम जात. यांत्रिक जाण म्हणतात ती हीच.

१९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आले. पेरणीचाच प्रश्न अभियंता हिशेबाने सोडवतो. समजा, पेरणीयंत्राच्या चाकाचा परीघ दीड मीटर आहे. यंत्र उचलून चाक जागेवरच २० वेळा फिरवले, तर ते रानात ३० मीटर चालल्यासारखे होते. ४५ सेंटिमीटरवर तीन ओळी धरल्या तर तेवढ्यात एकराचा शंभरावा भाग पेरून होतो. सोयाबीनचे बी एकरी ३० किलो हवे असेल, तर खाली ३०० ग्रॅम पडले पाहिजे. कमी पडले तर यंत्र तिथेच नीट करता येते. अनेक हंगामांची शिकवण अशी घटकाभरात दुसऱ्याच्या हाती देता येते, हे शिक्षणाचे खरे बळ.

रान मात्र हिशेबाला बांधलेले नसते. ओल जास्त असली की चाक घसरते, चिखलाने नळी तुंबते. मागे चालणाऱ्या जाणत्या माणसाला ते आधी कळते. ट्रॅक्टरचा मिस्त्रीही धुरावरून निदान करतो: काळा असेल तर हवा अपुरी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळते आहे. तेच इंजिन दर दोन वर्षांनी रिंगा का खाते, हे शोधायला मात्र झीज मापून पाहावी लागते.

लोखंडी नांगरांचा कारखाना चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडेही अभियांत्रिकीची पदवी नव्हती. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, रंग ओळखण्यातल्या दोषामुळे ती सुटली, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. हे रेखाटन हाताशी होते, म्हणूनच एकसारखे लोखंडी नांगर कारखान्यात ओतता आले. गावच्या सुताराकडे हात तोडीस तोड होता. कमी होती ती या रेखाटनाचीच.

ही कमी भरून काढायची वाट आज खुली आहे. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केली की पदविकेच्या आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा पाण्याची मोटर उघडून बसणाऱ्या पोराला अभ्यासात ढ ठरवून गॅरेजात धाडण्याआधी पालकांनी एकदा आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी जरूर करावी.