सून, सासू आणि आत्याबाई : धर्माबादच्या सीमेवर नात्यांच्या शब्दांची दोन कुळे

जन्माने आणि लग्नाने जुळणाऱ्या नात्यांसाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, ते सगळे एका मुळाचे नाहीत. त्यांपैकी काही थेट लॅटिनशी नाते सांगतात, तर काहींचे सगेसोयरे गोदावरीच्या खोऱ्यातच, तेलुगू आणि कन्नडमध्ये भेटतात. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी हा दुहेरी वारसा विशेष स्पष्ट दिसतो, कारण येथून पुढे जाणारी रेल्वे तेलंगणात शिरून बासरला पोहोचते, 1956 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात एकत्र होता आणि मराठी व तेलुगू घरांचा शेजार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

'जन्म' हा शब्द ज्या 'जन्' धातूपासून आला, त्याच मुळापासून लॅटिनमध्ये 'गेनुस' म्हणजे कुळ आणि 'नास्की' म्हणजे जन्मणे हे शब्द झाले. संस्कृत 'नप्तृ'पासून मराठीत 'नातू' आला, आणि त्याचाच लॅटिन भाऊबंद 'नेपोस' पुढे पुतण्या-भाच्यांसाठीही वापरला जाऊ लागल्याने युरोपीय भाषांना 'नेपोटिझम', म्हणजे आप्तांची वर्णी लावणे, हा शब्द मिळाला. मात्र खरी श्रीमंती आहे ती सासरच्या नात्यांत. सासरा म्हणजे लॅटिन 'सोकेर', सासू म्हणजे 'सोक्रुस', दीर म्हणजे 'लेविर', सून म्हणजे 'नुरुस', आणि जाऊ, जी संस्कृत 'यातृ'पासून आली, तिची लॅटिन बहीण 'यानित्रिकेस', म्हणजे भावाभावांच्या बायका. यांतील 'सून' जवळून पाहण्याजोगी आहे. संस्कृत 'स्नुषा', प्राकृत 'सुण्हा' आणि मराठी 'सून' या प्रवासात आरंभीचा 'स' शाबूत राहिला. लॅटिनने तो गमावला आणि दोन स्वरांमधल्या 'स'चा आपल्या नियमाप्रमाणे 'र' केला, म्हणून 'सून' आणि 'नुरुस' कानाला परके वाटतात, पण ध्वनिबदलांचा हिशेब मांडला की एकाच घरचे ठरतात. जर्मन भाषापंडित बेर्टहोल्ड डेलब्रुक यांनी 1889 मध्ये या शब्दांची छाननी केली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की संस्कृत आणि लॅटिन ज्यात मोडतात त्या प्राचीन भाषाकुलात नवऱ्याकडच्या माणसांसाठी पक्की, सामाईक नावे आहेत, पण बायकोच्या माहेरच्यांसाठी तशी नाहीत. लग्नानंतर मुलगी सासरी नांदायला जात असे, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

येथवर चित्र सरळ आहे, पण ही नावे नाते सांगण्याची आहेत, हाक मारण्याची नव्हेत. मराठवाड्यातील सून सासूला तोंडावर 'सासू' म्हणत नाही. ती 'आत्याबाई' म्हणते, आणि सासऱ्याला 'मामा' किंवा 'मामंजी'. तेलुगूत 'अत्त' या एकाच शब्दाने वडिलांची बहीण आणि सासू या दोघी ओळखल्या जातात, तर 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासराही. हा गोंधळ नसून एक व्यवस्था आहे. मुलाने मामाची मुलगी करावी, अशी रीत असली की त्या मुलीची सासू ही मुळात तिच्या वडिलांची बहीणच असते. सासरी गेल्यावर नवी हाक शिकण्याची तिला गरजच उरत नाही. अशा लग्नाला तेलुगूत 'मेनरिकम्' म्हणतात.

'आत्याबाई' आणि 'अत्त' यांचा हा संबंध अलीकडच्या शेजारातून आलेला नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे याच गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानशी, आजच्या पैठणशी निगडित असलेल्या राजवंशाच्या परंपरेतील प्राकृत काव्यात, 'अत्ता' हा शब्द सासूसाठी आलेला आहे. बरो आणि एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या द्राविड व्युत्पत्तिकोशात 'अत्त' हा शब्द अनेक द्राविड भाषांतून नोंदवला असून, 'अण्णा', 'अक्का' यांचीही घराणी तिकडेच सापडतात.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची विभागणी करताना महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवले, कारण येथे शब्दांची मोठी शिदोरी उत्तरेची असूनही मामाच्या मुलीशी लग्न चालते आणि आत्याची मुलगी करणे बहुधा टाळले जाते. दक्षिणेत दोन्ही चालतात, उत्तरेत दोन्ही निषिद्ध, आणि मराठी मुलखाने त्यांपैकी एकच निवडले. कर्वे यांचे हे निरीक्षण धर्माबादसारख्या गावाच्या संदर्भात आजही मोलाचे आहे.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांमधील विवाह निषिद्ध नात्यांत धरला, पण दोन्ही पक्षांची रूढी परवानगी देत असेल तर तो वैध ठेवला. अशी लग्ने आता कमी होत चालली आहेत आणि शिकलेल्या घरांतील सुना सासू-सासऱ्यांना 'आई-बाबा' म्हणू लागल्या आहेत. तरीही दूरच्या, अनोळखी कुळातून आलेली मुलगी सीमेवरच्या कित्येक घरांत पहिल्याच दिवशी सासूला 'आत्याबाई' म्हणते, जरी त्या दोघींत रक्ताचे कोणतेही नाते नसते.