संगणक सदृशकातील जालजोडणी

एखाद्या संगणकाचे वर्तन दुसऱ्या संगणकावर केवळ आज्ञावलीच्या साहाय्याने हुबेहूब घडवून आणणाऱ्या साधनास संगणक सदृशक म्हणतात. मूळ यंत्र मोडीत निघाले, तरी त्यासाठी लिहिलेल्या आज्ञावली सदृशकावर चालू शकतात. बॉब सप्निक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘सिमएच’ हा सदृशक प्रसिद्ध असून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ (१९७०) व व्हॅक्स (१९७७) या संगणकांचे सदृशीकरण त्याने करता येते.

प्रक्रियक, स्मृती व चकती यांचे सदृशीकरण ही सदृशकाची अंतर्गत बाब होय. चकतीच्या जागी यजमान संगणकावरील एक फाइल पुरते. जालाचे तसे नाही. तेथे दुसरे टोक सदृशकाबाहेर असते व त्याला सदृशकाच्या सोयीनुसार वागविता येत नाही. टर्मिनलच्या तारांचा प्रश्न सोपा आहे. प्रत्येक तार टेलनेटच्या जोडणीत रूपांतरित केली जाते. ईथरनेटचा प्रश्न मात्र अवघड आहे. तेथे माहिती फ्रेमच्या रूपाने जाते व प्रत्येक फ्रेमवर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. सदृशकाला यजमानाच्या पत्त्याहून वेगळा पत्ता लागतो. त्यामुळे यजमानाच्या कार्डाला परक्या पत्त्यांच्या फ्रेमही स्वीकारावयास लावावे लागते. याकरिता ‘पीकॅप’ हा आज्ञावली-संग्रह वापरतात. त्यास बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात. या पद्धतीत एक विचित्र अडचण येते : सदृशित संगणक जालावरील इतर सर्वांना दिसतो, पण यजमानालाच अनेकदा दिसत नाही, कारण त्याने जालावर सोडलेल्या फ्रेम यजमानाकडे परतत नाहीत. ‘टॅप’ नावाचे आभासी कार्ड व सेतू यांची योजना करून ही अडचण दूर करतात.

डेकनेट या जुन्या संदेशवहन पद्धतीने गुंतागुंत वाढते. तिच्या चौथ्या आवृत्तीत संगणक सुरू होताच कार्डाचा मूळ पत्ता बदलला जातो. क्षेत्रक्रमांकास १,०२४ ने गुणून त्यात संगणकाचा क्रमांक मिळवितात. ही संख्या एए-००-०४-०० या ठराविक भागापुढे, कनिष्ठ बाइट आधी याप्रमाणे लिहितात. क्षेत्र १ मधील संगणक २ चा पत्ता त्यामुळे एए-००-०४-००-०२-०४ असा होतो. बिनतारी जालाचे केंद्र सामान्यतः आपल्याकडे नोंदलेल्या पत्त्याच्याच फ्रेम स्वीकारते. परिणामी तारेवर बिनबोभाट चालणारा सदृशक बिनतारी जोडणीवर मुका होतो. पत्ता-रूपांतरणाचा सर्वांत सोपा उपाय येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो इंटरनेटच्या पद्धतीपुरताच आहे. डेकनेटच्या फ्रेम यूडीपी संदेशांत गुंडाळून धाडणे अधिक श्रेयस्कर. हौशी मंडळींच्या ‘हेकनेट’ या जालात खरे व सदृशित संगणक परस्परांशी जोडलेले आहेत.

जुन्या प्रणालींत टेलनेटवरून परवलीचे शब्द उघड जातात, म्हणून असे सदृशक सार्वजनिक जालास थेट जोडणे धोक्याचे असते.

आर्पानेटमधील ‘इंप’ या संदेश-वाहक संगणकांच्या पुनरुज्जीवनातही हेच तंत्र उपयोगी पडले. पहिला इंप १९६९ मध्ये लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बसविण्यात आला होता. हनीवेल ३१६ च्या सदृशकावर इंपची जुनी आज्ञावली पुन्हा चालविण्यात आली. मोडेमच्या भाड्याच्या तारांची जागा यूडीपी संदेशांनी घेतली.