लिहिता संगणक (लेखांक ९) : फोटो जागेवर का राहत नाही?

शेंदूरजनाघाट आणि वरुड भागातल्या रोपवाटिकांमधून संत्र्याच्या कलमा परराज्यांतही जातात. कलम घेणाऱ्याला बरंच काही विचारायचं असतं. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा किती उंचीवर भरला, डिंक्या रोग कसा ओळखायचा? या प्रश्नांना दोन पानांचं सचित्र माहितीपत्रक चांगलं उत्तर देतं, आणि ते वर्डमध्ये घरीच करता येतं. अडतं ते फोटोंपाशी. वरच्या परिच्छेदात एक ओळ वाढवली की डोळा भरतानाचा फोटो थेट पुढच्या पानावर जातो, आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रश्न येतो, "हा फोटो तिकडं काहून गेला रे बापू?"

वर्डमध्ये फोटो दोन रीतींनी बसतो. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ निवडलं तर वर्ड त्या फोटोला एक मोठं अक्षर समजतो. ओळ सरकली की तोही सरकतो. ‘स्क्वेअर’, ‘टाइट’ वगैरे पर्यायांत तो तरंगता होतो आणि मजकूर त्याच्या भोवतीनं वाहतो. पण तरंगता फोटोही मोकळा नसतो. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तो कुठल्यातरी परिच्छेदाला बांधलेला असतो. फोटोवर क्लिक केलं की समासाजवळ नांगराचं छोटं चिन्ह दिसतं, तीच ती गाठ. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही गेला, परिच्छेद पुसला की फोटोही पुसला. म्हणून नांगर ओढून ज्या परिच्छेदात त्या फोटोची माहिती आहे, तिथेच न्यावा.

माझं मत विचाराल तर माहितीपत्रकासाठी, अर्जासाठी, अहवालासाठी ‘इन लाइन’च ठेवा. चार फोटो शेजारी शेजारी हवे असतील तर दोन रकान्यांचं टेबल घाला, एकेका चौकटीत एकेक फोटो आणि त्याखाली ओळ, मग टेबलाच्या रेषा काढून टाका. टेबल प्रॉपर्टीजमधल्या ऑप्शन्समध्ये ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ची खूण काढायला विसरू नका, नाहीतर मोठा फोटो आला की रकाना फुगतो.

‘इन लाइन’ची एक खोड मात्र मराठीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. मंगल फाँटमध्ये ओळी फार उंच होतात, म्हणून आपण ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून ठेवतो. त्या परिच्छेदात फोटो घातला की त्याची नुसती एक पट्टी दिसते. फोटो बिघडलेला नसतो, ओळीच्या उंचीत तो मावत नाही. तेवढ्या परिच्छेदाचं अंतर ‘सिंगल’ केलं की पूर्ण दिसतो.

आकार बदलताना नेहमी कोपरा ओढा. बाजूचा ठिपका ओढला की गोल संत्रं लांबट होतं, आणि कलम विकणाऱ्याच्या पत्रकात ते शोभत नाही. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साध्या फोटोत बारकावे दाबले जातात, आणि खुंटाच्या सालीवरचा ‘टी’ छेद व त्यात सरकवलेला डोळा छापून स्पष्ट दिसायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्डमध्ये ‘क्रॉप’ केलेला भाग जात नाही, फक्त झाकला जातो. समजा, रोपवाटिकेच्या परवान्याचा फोटो काढताना शेजारी ठेवलेलं आधार कार्डही त्यात आलं. तुम्ही ते क्रॉप केलं आणि फाइल गिऱ्हाइकाला पाठवली. त्यानं फोटोवर क्लिक करून ‘क्रॉप’ दाबलं आणि कडा बाहेर ओढली की आधारचा आकडा त्याच्या समोर! काळी चौकट वर ठेवून झाकलेल्या आकड्याचंही तेच; चौकट बाजूला सरकवता येते. हे फार लोकांना माहीत नाही आणि याची मला खरी काळजी वाटते.

उपाय सोपा आहे. फोटो निवडा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्या, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’वर खूण करा आणि फाइल सेव्ह करा. झाकायचा आकडा मात्र फोनमध्येच कापून मग फोटो घाला.

त्याच खिडकीत फाइलचं वजनही उतरतं. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो पानावर ८ सेंटिमीटर रुंद छापायचा असेल, तर २२० पीपीआयला (म्हणजे इंचाला २२० पिक्सेल) सुमारे ७०० पिक्सेल रुंदी पुरते. म्हणजे मूळच्या जवळजवळ तेहतिसाव्या हिश्श्याएवढेच पिक्सेल लागतात.

खात्री करायची असेल तर फाइलची एक प्रत घ्या, तिच्या नावाचा शेवट ‘डॉकएक्स’ऐवजी ‘झिप’ करा आणि उघडा. ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ नावाचं फोल्डर असतं. पत्रकातले सगळे फोटो तिथे सुटे पडलेले दिसतील; परवान्याचा फोटो उघडा आणि शेजारचं कार्ड अजून आहे का ते बघा.