ग्वाल्हेरचा तुरुंग आणि त्यानंतरचा संसार

तुरुंगातून सुटलेल्या व्यक्तीला पुन्हा माणसांत येण्यासाठी काम, निवारा आणि आपले म्हणणारे कुणीतरी लागते. पहिल्या दोन गोष्टींसाठी योजना आखता येतात, तिसरी शासनाला देता येत नाही. मात्र ती मिळण्याची शक्यता शासनाच्या दिरंगाईमुळे हिरावली जाऊ शकते. फुलनदेवी यांचे आयुष्य हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

१२ फेब्रुवारी १९८३ रोजी भिंड येथे मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यासमोर फुलनदेवी यांनी शस्त्रे खाली ठेवली. आपल्याला आठ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवू नये, ही त्यांची एक अट होती. प्रत्यक्षात ग्वाल्हेर आणि नंतर तिहार येथे मिळून सुमारे अकरा वर्षे त्या खटला न चालताच बंदिवासात राहिल्या. विशीपासून तिशीपर्यंतचा, संसार मांडण्याचा काळ असा गजांआड सरला. त्यापूर्वीचा विवाह अकराव्या वर्षी, त्यांच्याहून कितीतरी मोठ्या पुरुषाशी लावून देण्यात आला होता.

फेब्रुवारी १९९४ मध्ये सुटका झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी उम्मेदसिंह यांच्याशी विवाह केला. लहानपणी लादलेल्या लग्नानंतर स्वतःच्या निर्णयाने केलेला हा विवाह होता. १९९६ मध्ये मिर्झापूरमधून त्या लोकसभेवर निवडून गेल्या. २५ जुलै २००१ रोजी दिल्लीतील निवासस्थानाबाहेर त्यांची हत्या झाली. तुरुंगाबाहेरचे आयुष्य जेमतेम साडेसात वर्षांचे ठरले.

या कहाणीची दुसरी बाजू विसरता येणार नाही. १९८१ मध्ये बेहमई येथे वीस जणांची हत्या झाली. त्या खटल्याचा निकाल लागला तो २०२४ मध्ये, तब्बल ४३ वर्षांनी. लांबलेला खटला आरोपीचे तारुण्य खातो, तसाच पीडितांचा न्यायही.

आता कायदा काय सांगतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा मार्ग खुला होतो. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यासाठी ही मर्यादा एकतृतीयांश आहे. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांनाही नाही. म्हणजे डझनावारी गुन्हे नोंदलेल्या फुलनदेवी आज असत्या, तरी हे कलम त्यांच्या कामी आले नसते.

बंदिवासातही नाती जपता येतात, हे महाराष्ट्राने १९३९ मध्येच दाखवले आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत उभी राहिली आणि कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच.

गोव्यात कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातील कच्च्या कैद्यांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागेल. शिक्षेला अंत असतो, त्यामुळे तिची वाट पाहता येते. तारखेमागून तारीख पडणाऱ्या खटल्याची वाट किती दिवस पाहायची, हे पत्नीला, वाग्दत्त वधूला किंवा आईला कोण सांगणार?