गॅदरिंगचा माइक

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब लागतं. वऱ्हाडी कवी शंकर बडे यांचं हे जन्मगाव. १९४७ साली ते इथे जन्मले आणि २०१६ च्या सप्टेंबरात गेले. ‘इरवा’, ‘सगुन’, ‘मुगुट’ हे त्यांचे कवितासंग्रह आणि ‘धापाधुपी’ हे गद्य लेखन. पण गावोगावच्या लोकांनी त्यांना ओळखलं ते ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगामुळे. एक माणूस, एक माइक, मागे पडदा नाही, सोबतीला वाद्य नाही. आज ज्याला स्टँड-अप म्हणतात ते आमच्या भागानं या नावाशिवाय केव्हाच ऐकलेलं होतं. शेजारच्या नेर तालुक्यातल्या धनज माणिकवाड्याच्या मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’ही याच वाटेवरची.

मी बोरी अरबचाच. शेती करतो, आणि कापसाच्या वेचण्या आटोपत आल्या की दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी, यवतमाळ इकडच्या कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये एकपात्री विनोद सादर करतो. मानधन कुठे पाकिटात मिळतं, कुठे शाल-नारळ आणि पेट्रोलपुरते पैसे. हा उद्योग बाहेरून फार सोपा दिसतो, म्हणून तो आतून कसा चालतो ते सांगावंसं वाटतं.

मुंबईत लोअर परळला २०१० मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं आणि क्लबमधला स्टँड-अप तिथे रुजला. पुढे यूट्यूबवर ‘भाडिपा’नं मराठी तरुणांना त्याची गोडी लावली. क्लबचा प्रेक्षक तिकीट काढून, हसायचं ठरवून, अंधारात बसलेला असतो. कॉलेजचा प्रेक्षक हसायला आलेलाच नसतो. तो मित्राचा डान्स बघायला आलेला असतो, फिशपाँडमध्ये आपलं नाव निघतं का ते ऐकायला आलेला असतो. मैदानात मांडव असतो, भर दुपारचा उजेड असतो. पुढच्या सोफ्यांवर प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, त्यांच्यामागे खुर्च्यांवर प्राध्यापक, एका बाजूला मुली, एका बाजूला मुलं, आणि सगळ्यात मागे बांबूला टेकून उभी असलेली मंडळी. पहिल्या मिनिटात पोरं माझ्याकडे बघतच नाहीत. त्यांची नजर प्राचार्यांवर असते. सर हसले तर हसायला मोकळीक. म्हणून माझं पहिलं वाक्य मी नेहमी सोफ्यासाठी ठेवतो आणि दुसरं बांबूसाठी.

मग आवाज. भोंग्याच्या कर्ण्यातून गेलेला शब्द मांडवाच्या टोकाला पोचेपर्यंत पुढचा शब्द तोंडातून निघाला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. क्लबमध्ये विनोदवीर झरझर बोलू शकतो. मांडवात सावकाश बोलावं लागतं, आणि मुख्य वाक्याआधी श्वासभर थांबावं लागतं. हसू पुढून मागे सरकत जातं. ते बांबूपर्यंत पोचू द्यायचं, उतरायला लागलं की मगच तोंड उघडायचं. नवखी पोरं इथे घाई करतात आणि आपलंच हसू आपल्या वाक्याखाली दाबून टाकतात.

माझ्या कार्यक्रमातला एक तुकडा सांगतो. खेड्यातला मुलगा शिकायला यवतमाळला खोली करून राहिला आहे. रात्री आईचा फोन येतो. “जेवला काय रे बाप्पा?” “हाव माय, जेवलो.” “कायची भाजी होती?” “आलूची.” इतक्यात वर्गातले शहरातले मित्रमैत्रिणी खोलीत येतात. मुलाचा सूर पालटतो. “हो आई, मी व्यवस्थित आहे. माझा अभ्यास उत्तम सुरू आहे. तू स्वतःची काळजी घे.” इथे मी थांबतो. आई पलीकडे गप्प. मग ती अगदी अदबीनं म्हणते, “भाऊ, तुमी कोन बोलून रायले माईत नाई, पन जरा आमच्या पोट्ट्याले फोन द्या न.”

बांबूजवळची पोरं आधी हसतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी तो फोन स्वतः घेतलेला असतो. मुलींच्या रांगा त्याच्या पाठोपाठ. शहरातली मुलं क्षणभर उशिरा हसतात, कारण खोलीत शिरलेले मित्र म्हणजे आपण हे त्यांच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागतो. या तुकड्यात आईला कुणी हसत नाही. तिनं काहीच चुकीचं केलेलं नाही. उलट सगळ्यात खरं ती एकटी बोलते. मी तिचा आवाज किनरा करत नाही, डोक्यावर पदर घेतल्याचं सोंग करत नाही. तसं केलं की हसू लगेच मिळतं, पण ते आईच्या बोलण्याला मिळतं, आणि समोरची पोरगी घरी गेल्यावर आपल्या आईशी बोलताना अवघडते.

हा माझ्यासाठी या कामाचा गाभा आहे. टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे यांनी आमची बोली घराघरांत पोचवली, त्याचा मला आनंद आहे, अमरावतीकडचा माणूस एवढ्या मोठ्या मंचावर आपल्या सुरात बोलतो हे बघून इकडच्या पोरांना बळ आलं. पण नकला करणाऱ्या बहुतेकांनी त्यातून एवढंच उचललं की ‘बे’, ‘बाप्पा’, ‘कायले’ म्हटलं की लोक हसतात. शब्दाला हसवणं हा आळस आहे. बोलीतला माणूस हुशार दाखवता आला पाहिजे. मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न पात्रं एकट्यानं उभी केली, १९७९ पासून प्रयोग केले, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं. त्यांच्या खेडुतांना प्रेक्षक हसले ते त्यांच्यावर जीव जडल्यामुळे.

शंकर बडे यांची पावसात वाहून गेलेल्या नागोबुढ्याची कविता मला या बाबतीत शाळेसारखी वाटते. ती ऐकताना सुरुवातीला हसू फुटतं, कारण सांगणाऱ्याचा सूर गावच्या पारावरचा आहे. मग कळतं की एक म्हातारा खरोखर गेला आहे. हसलेलं तोंड तसंच राहतं आणि घसा दाटतो. अशी उडी मारायला सांगणाऱ्याची माणसावर माया लागते.

अमेरिकेतला नामवंत विनोदवीर ख्रिस रॉक यानं २०१४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की आपण कॉलेजांत कार्यक्रम करणं सोडलं, कारण तिथली मुलं कुणी दुखावेल का या धास्तीनं फार जपून वागतात. मला ते जपणं चुकीचं वाटत नाही. माझा अनुभव यवतमाळ जिल्ह्याचा आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीव दिला, आणि त्यानंतर शेतकरी आत्महत्या हा शब्द या जिल्ह्याला चिकटला. २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले शेतकरी, शेतमजूर दगावले. मांडवात बसलेल्या मुलांपैकी कुणाच्या घरात काय घडलंय हे मला माहीत नसतं. म्हणून बँकेच्या वसुलीवरचा विनोद मी करतो, पण त्याचा रोख बँकेवर असतो. कर्जबाजारी बाप हे पात्र मी हास्यासाठी उभं करत नाही.

दारुड्याची नक्कल तर मी मुळीच करत नाही. मिमिक्रीच्या स्पर्धांत ती हमखास असते: झोकांड्या, ओढलेले शब्द, बायकोला शिव्या. टाळ्या येतात, पण रांगांकडे नीट बघितलं तर काही मुली मान खाली घालून मोबाइल चाळत असतात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी तीच मागणी घेऊन मोर्चे काढले. त्या बायकांच्या मुली या मांडवात बसलेल्या असतात.

काही विनोद आपोआप वारतात. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या मार्गावरची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. तिच्या चालीवर आमच्या वडिलांच्या पिढीकडे किश्श्यांचा साठा होता. आजच्या अकरावीच्या मुलानं ती गाडी पाहिलेली नाही. गाडी कशी होती ते आधी समजावायचं आणि मग हसवायचं, यात हसू उरत नाही. म्हणून आता एसटी: सुट्ट्या पैशांवरून होणारी बोलाचाली, पास विसरलेला मुलगा, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. दरवर्षी नवी पोरं येतात, आणि दरवर्षी त्यांच्या जवळ जाऊन बसून ऐकावं लागतं. कार्यक्रमाच्या आधी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा घेतो तो एवढ्यासाठीच.

एका कॉलेजात मला बक्षीस वितरणानंतर उभं केलं होतं. अर्धा मांडव रिकामा, मंडपवाला खुर्च्या एकावर एक रचतोय, आणि माइक मधूनमधून बंद. तरी पुढच्या दोन रांगांत बसलेल्या मुलींनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यातली एक नंतर येऊन म्हणाली, “सर, मी बी लिहितो असं, पन म्हनून दाखवलं नाई कोनाले.” आमच्या बोलीत मुलगीही ‘लिहितो’ म्हणते. तिच्या वहीतलं मी वाचलं. आजी आणि मोबाइलचा टॉकटाइम यांच्यावरचं होतं, आणि माझ्या लिखाणापेक्षा टोकदार होतं.

तिच्यासारख्यांना जागा नसते असं नाही. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात मिमिक्री, मूकाभिनय, प्रहसन हे प्रकार असतात. पण मिमिक्रीला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, त्यात नटांचे, प्राण्यांचे, यंत्रांचे आवाज काढायचे. प्रहसनाला पाच-सहा जणांचा गट लागतो. स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या बोलीत, एकट्यानं उभं राहून म्हणायचं, याला कॉलेजात गॅदरिंगशिवाय दुसरी हक्काची जागा मला दिसत नाही. आणि तिथे फिशपाँड वेळ खातो. कुणाच्या रंगावर, कुणाच्या वजनावर निनावी चिठ्ठ्या वाचायच्या, यातून पोरांना विनोद म्हणजे दुसऱ्याला बोचकारणं एवढंच शिकायला मिळतं.

म्हणून सांस्कृतिक विभाग सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा बाहेरून माझ्यासारख्याला बोलावण्याआधी सूचनाफलकावर एक कागद लावा: स्वतः लिहिलेलं, घरच्या बोलीत, सात मिनिटं. निवड करताना एकदा ऐकून घ्या आणि कुणाच्या अंगावर जाणारं असेल तेवढं काढायला सांगा. फिशपाँडच्या वेळेतली पंधरा मिनिटं त्यांना द्या. आणि त्यांना बक्षीस वितरणाच्या आधी उभं करा, मांडव भरलेला असताना.